विश्लेषण : अंगणातली जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणताना आधी काय जपावे?

गावाकडच्या वाड्याची पडवी, साखर कारखान्याचे आवार, बंद पडलेले गॅरेज… महाराष्ट्रात अशा अनेक ठिकाणी ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप उभी असते. आजोबांची किंवा वडिलांची ही गाडी घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा चालती करावी, असे अनेकांना वाटते. काम सुरूही होते. मात्र काही महिन्यांनी इंजिन एका कोपऱ्यात, दरवाजे माळ्यावर आणि नट-बोल्ट डब्यात अशा अवस्थेत ते थांबते. काही गाड्या पूर्ण होतात, पण आरटीओच्या दारात अडकतात. गंजलेला पत्रा बदलता येतो, इंजिनाचे बोअरिंग करता येते, टायर नवे मिळतात. गाडीची ओळख, म्हणजे तिचे क्रमांक, कागद आणि मूळ रूप मात्र एकदा गेले की परत मिळवणे फार अवघड. त्यामुळे पहिला पाना लावण्याआधी काय पाहावे, हा या छंदातला कळीचा प्रश्न ठरतो.

ही जीप महाराष्ट्रात कशी रुजली?

दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जिपा बनवल्या. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजने नागरी वापरासाठी ‘सीजे’, म्हणजे सिव्हिलियन जीप, बाजारात आणली. १९४५ मध्येच स्थापन झालेल्या आणि सुरुवातीला पोलादाचा व्यापार करणाऱ्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जिपांची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ हे मॉडेल आले. त्यात नवे, उंच इंजिन बसवायचे असल्याने बॉनेट उंच करावे लागले. याच उंच नाकामुळे ही जीप आजही दुरून ओळखता येते. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण भारतात याच घडणीच्या जिपा त्यानंतरही अनेक वर्षे बनत राहिल्या.

पाटबंधारे, वन, पोलीस, महसूल अशी खाती आणि सहकारी साखर कारखाने हे तिचे मोठे ग्राहक. नंतर याच वंशातल्या लांब जिपा पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून धावल्या. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनलेली लष्कराची ‘जोंगा’ ही निस्सानच्या पेट्रोल गाडीवर बेतलेली होती. लिलावातून तीही नागरिकांच्या हाती आली. छंद म्हणून दुरुस्त केल्या जाणाऱ्या जुन्या चारचाकी-ड्राइव्ह गाड्यांत या दोन्ही नेहमी दिसतात.

घरी दुरुस्त करता येईल, असे तिच्यात काय आहे?

तिची रचना. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि चार कमानपाटे. इलेक्ट्रॉनिक्स नाही, सेन्सर नाहीत. बहुतेक प्रत्येक भाग पाना लावून सुटतो आणि तसाच परत बसतो. सुमारे २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद जेमतेम ७० अश्वशक्ती. आजच्या छोट्या मोटारीही तेवढी ताकद देतात. तरीही ही गाडी चिखल आणि चढ पार करते, कारण तिची खरी करामत गिअरमध्ये आहे.

गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दुसरी पेटी असते. तिच्यावरच्या दोन दांड्यांपैकी एक पुढची चाके जोडते, तर दुसरी गाडी ‘लो’मध्ये टाकते. मूळ विलीज रचनेत पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि अॅक्सल ५.३८ अशी गुणोत्तरे होती. त्यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद तितक्या पटीने वाढते.

जुन्या जिपेत पुढची आणि मागची चाके जोडली की मध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळणे घेतल्यास सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. नुकतीच दुरुस्त केलेली जीप शेजाऱ्यांना दाखवण्याच्या उत्साहात अशीच बिघडते.

कागद आधी का तपासायचे?

आरसी बुकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतो का, ही पहिली तपासणी. आरटीओत चासी क्रमांकाची पेन्सिलने छाप घेतली जाते. ती छाप स्पष्ट आली नाही, तर पुढचे सगळे काम अडते. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीवर हा क्रमांक गंज, ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली दडलेला असतो. सँडब्लास्टिंगच्या जोरदार माऱ्यात, ग्राइंडरखाली किंवा वेल्डिंगच्या ठिगळाखाली तो कायमचा जाऊ शकतो. म्हणून क्रमांकाची जागा आधी शोधून ती ब्रश आणि रॉकेलने साफ करावी, छायाचित्र आणि छाप घ्यावी आणि मगच ती जागा झाकून बाकीची सफाई करावी. क्रमांकाची धातूची पाटी रिव्हेटसकट सांभाळावी. क्रमांक परस्पर नव्याने कोरून घेणे हा दुरुस्तीचा भाग नव्हे. त्यासाठी आरटीओची परवानगी लागते.

दुसरा मुद्दा मालकीचा. गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाने फॉर्म ३१ भरून हस्तांतर करावे लागते. परराज्यातून आणलेल्या जिपेसाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवे. लिलावातली गाडी असेल तर खात्याने दिलेली मूळ कागदपत्रे महत्त्वाची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जाणे अपेक्षित आहे. त्यामुळे ‘सरकारी लिलावातली जीप, कागद नंतर होतील’ असे कोणी सांगत असेल, तर सावध राहावे. कागद नसलेली जीप कितीही देखणी झाली, तरी ती अंगणातच राहते.

डिझेल इंजिन बसवलेल्या जिपेचे काय?

पेट्रोल महागल्यावर असंख्य मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. काहींनी त्याची नोंद आरसीवर करून घेतली, अनेकांनी केली नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांच्या विरोधात जाणारे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी स्थिती असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. अशी जीप घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘मूळ इंजिन कुठे आहे?’ असा असावा. ते शेतातल्या शेडमध्ये पडून असेल, तर गाडीबरोबर तेही घ्यावे.

‘व्हिंटेज’ नोंदणी म्हणजे काय आणि ती कोणाला मिळते?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यात येतात. १९७५ च्या आधी नोंदणी झालेली जीप या वयोमर्यादेत बसते. मात्र चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट आहे. ज्यांनी बॉडी कापून रुंद केली, चासी लांबवली किंवा वेगळे इंजिन बसवले, त्यांच्यासाठी हे दार बंद होऊ शकते.

नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये ठेवण्यात आले. नोंदणी दहा वर्षांसाठी असते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. या सवलतीला मर्यादाही आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

ज्यांना जीप नेहमी चालवायची आहे, त्यांना नेहमीच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करण्याचा मार्ग आहे. त्याचा खर्च मात्र वाढला आहे. हलक्या मोटार वाहनासाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील वाहनांसाठी ते दहा हजार रुपये करण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि वाहनाची तपासणी आहेच. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे गाडी खोलण्याआधी ठरवावे. कारण काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे त्यावरच अवलंबून असते.

कामाचा क्रम कसा असावा?

बहुतेक जण रंगापासून विचार सुरू करतात. प्रत्यक्षात रंग शेवटी यायला हवा. सुरुवात छायाचित्रांपासून होते. प्रत्येक जोड, वायर आणि नळी सोडवण्याआधी तिचे छायाचित्र काढावे. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. अर्धवट राहिलेल्या बहुतेक जिपा ज्ञानाअभावी थांबत नाहीत. कोणता बोल्ट कुठला, हे आठवत नाही म्हणून थांबतात.

त्यानंतर चासी. शॅकलच्या जागा, क्रॉसमेंबर आणि बॉडीचे माउंट हातोडीने हलके ठोकून पाहावेत. टणक आवाज आला तर पोलाद शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर आतून सडलेले आहे. कोकणातल्या गाड्यांत खारी हवा आणि पाऊस यांमुळे हे अधिक आढळते.

मग ब्रेक आणि स्टिअरिंग. जुन्या जिपेला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सगळ्यांची एकच हायड्रॉलिक लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला, की पेडल थेट तळाला जाते आणि चारही ब्रेक एकदम निकामी होतात. त्यामुळे रबरी होज, व्हील सिलिंडरचे वॉशर आणि गंजलेल्या नळ्या चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात. इंजिन, वायरिंग आणि त्यानंतर पत्रा हा पुढचा क्रम. रंग पावसाळ्यात देऊ नये. हवेतला ओलावा प्रायमरखाली अडकतो आणि वर्षभरात फोड येतात.

बंद पडलेले इंजिन थेट सेल्फ मारून पाहावे का?

नाही. अनेक वर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हँडलने हलकेच पुढे-मागे करत इंजिन सुटते का ते पाहावे. सुटले तर ऑइल बदलून कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन उघडण्याची घाई नको.

‘सीजे-३बी’च्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. म्हणून नुसते हेड काढून काम पूर्ण होत नाही, हे मिस्त्रीला आधी माहीत असावे. बोअरिंग आणि क्रँकचे काम घरी होत नाही. ते लेथवाल्याकडेच द्यावे लागते. इग्निशनचे काम मात्र घरी सहज होते. पॉइंटमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर आणि प्लगमध्ये पाऊण मिलिमीटर अंतर ठेवले, कंडेन्सर नवा बसवला, की अनेक ‘मेलेली’ इंजिने बोलू लागतात.

सुटे भाग आणि आजचे पेट्रोल, दोन्ही चालतात का?

सुटे भाग मिळतात. याच घडणीच्या जिपा भारतात दीर्घकाळ बनल्यामुळे ब्रेक, क्लच, बेअरिंग, पाटे असे झिजणारे भाग अजून उपलब्ध आहेत. पुण्यातली नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीतले मायापुरी या बाजारांत जुने-नवे भाग शोधता येतात. हरियाणातले मंडी डबवाली जिपांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला भर मूळ रूप राखण्यापेक्षा नव्या पद्धतीने सजवण्यावर असतो. मूळ कार्ब्युरेटर, मीटर, दिवे आणि पाट्या दुर्मीळ होत चालल्या आहेत. म्हणून जुना भाग खराब वाटला तरी भंगारात देऊ नये. नव्या भागाचे माप त्याच्यावरूनच मिळते.

पेट्रोलचा प्रश्न वेगळा आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या काळचे रबरी होज, पंपाचे डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि गळतात. इथेनॉल ओलावाही शोषते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पाणी खाली बसून टाकी आतून गंजू शकते. त्यामुळे इंधनमार्गातले सगळे रबर इथेनॉल सहन करणारे बसवावे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करावी.

घरी काम करताना धोके कोणते?

सर्वांत फसवा धोका हँडब्रेकचा. आजच्या मोटारींत तो मागच्या चाकांना धरतो. जुन्या जिपेत तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. जॅक लावून मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरू शकते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नये आणि निव्वळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये. भक्कम स्टँड हवेत.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसावी. वाळूने सँडब्लास्टिंग करताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, ते काम वस्तीत करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोल टाकीतही वाफ असते, तिला घरी वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जीप किती ‘नवी’ करावी?

कायदा, बाजार आणि इतिहास या तिन्हींचे उत्तर इथे सारखेच येते : गरजेपुरती. चासी, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि इंधनमार्ग यांत तडजोड नको, तिथे नवे तेच योग्य. पण शाबूत असलेला मूळ पत्रा केवळ पोचे आहेत म्हणून फेकू नये. मूळ इंजिन थोडे ऑइल खाते म्हणून ते बदलू नये. रुंद टायर आणि मोठे बंपर लावण्यासाठी बॉडी कापू नये. बोल्टने बसवलेली वस्तू उद्या काढता येते, कापलेला भाग परत येत नाही. पाटबंधारे खात्याच्या जुन्या रंगाचा एखादा थर दरवाजाआड सापडला, तर तो झाकण्याआधी त्याचेही छायाचित्र काढून ठेवावे. गाडी कोणाकडे होती, काय काम करत होती, याचा तो पुरावा असतो.

घरच्या मंडळींसाठी हिशेब आणखी सोपा आहे. एका फाइलमध्ये आरसी, हस्तांतराचे कागद, क्रमांकाची छाप, प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि कामाची छायाचित्रे ठेवली, तर पुढच्या पिढीला गाडीबरोबर तिची माहितीही मिळते. ती फाइल नसेल, तर उत्तम दुरुस्त झालेली जीपही काही वर्षांनी पुन्हा ताडपत्रीखाली जाते आणि तिच्याबद्दल विचारायला घरात कोणी उरलेले नसते.